रस्त्याकडेचं होर्डिंग हटवण्याचा अधिकार नेमका कुणाचा : महापालिका, बांधकाम खातं की जागामालक?

चौकातला_रहिवासी (प्रश्न)

आमचं शहर 'ड' वर्ग महापालिकेत येतं. शहरातून राज्यमार्ग जातो. त्यावरच्या एका चौकात खासगी प्लॉटच्या कोपऱ्यावर एका खांबावर उभं असलेलं होर्डिंग आहे. फलक ४० बाय २० फुटांचा, खालची कड जमिनीपासून सुमारे २० फुटांवर. खांब प्लॉटच्या आत आहे, पण फलकाचा तीनेक फूट भाग फुटपाथवर झुकतो. एका बाजूने येणाऱ्यांना सिग्नलचा दिवा फलकाआड जातो. मागे सोसायटीची इमारत, खाली चहाची टपरी आणि रिक्षाथांबा. फलकावर परवाना क्रमांक दिसत नाही.

महापालिका सांगते, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. बांधकाम खातं सांगतं, जाहिरातीचा परवाना महापालिकेचा विषय. जागामालक म्हणतो, जमीन माझी, रीतसर भाडेकरार आहे, एजन्सी जीएसटी भरते, वीजमीटरही अधिकृत आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कायद्याने कारवाई कुणी करायची? ती पुढे कोर्टात टिकेल अशी कशी करायची? आणि हे होर्डिंग धोकादायक आहे की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

परवाना_खिडकी

यात तीन अधिकार वेगवेगळे आहेत आणि ते एकत्र कालवले की टोलवाटोलवीला वाव मिळतो. जाहिरात दाखवण्याचा परवाना हा एक. जमिनीवरचा किंवा रस्त्याच्या हद्दीवरचा हक्क हा दुसरा. सांगाडा सुरक्षित आहे का हे बघण्याचं काम तिसरं. महापालिका हद्दीत पहिलं आणि तिसरं काम आयुक्तांचं आहे, मग रस्ता कुणाच्याही मालकीचा असो.

आधार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. कलम २४४ आकाशचिन्हांसाठी (आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे उंच फलक), कलम २४५ इतर जाहिरातींसाठी. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात उभारता येत नाही, लावता येत नाही आणि तशीच ठेवताही येत नाही. म्हणजे परवाना संपल्यावर फलक नुसता उभा असणं हेसुद्धा उल्लंघन. कलम २४५ मध्ये जमीन, इमारत, भिंत, सांगाडा सगळं येतं. खासगी जमिनीला सूट नाही. राज्यमार्गाचा मुद्दाही टिकत नाही, कारण या कायद्यातल्या 'रस्ता' या व्याख्येत महामार्गही धरलेला आहे आणि आकाशचिन्हाची कसोटी 'कुठल्याही रस्त्यावरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणं' ही आहे.

सूट मोजक्याच गोष्टींना : दुकानाच्या खिडकीच्या आतली जाहिरात, त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची पाटी, त्याच जागेच्या विक्री-भाड्याचा फलक. तीही पाटी प्रकाशित नसेल आणि आकाशचिन्ह नसेल तरच. चौकात तिसऱ्याच कंपनीची जाहिरात करणारा तुमचा फलक यात कुठेच बसत नाही.

मालकाचे तिन्ही मुद्दे एकेक करून बघा. भाडेकरार हा मालक आणि एजन्सी यांच्यातला व्यवहार, त्याने परवाना मिळत नाही. वीजमीटर ही महावितरणची जोडणी, तिचा जाहिरात परवान्याशी संबंध नाही. जीएसटीचा मुद्दा लोकांना सर्वांत जास्त चकवतो. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५५ वी नोंद (जाहिरातींवरचा कर) वगळली गेली आणि जीएसटी आल्यावर जाहिरात कर संपला. पण परवानगी देणं, नियमन करणं, परवाना शुल्क घेणं हे अधिकार कर नव्हेत. ते जागच्या जागी आहेत.

आता बांधकाम खात्याचं काम. खांब किंवा फलकाचा काही भाग राज्यमार्गाच्या हद्दीत येत असेल, तर तेवढ्यापुरतं ते रस्त्याच्या जागेवरचं अतिक्रमण आहे आणि ते काढायला खातंही बांधील आहे. तुमच्याकडे तीन फूट भाग फुटपाथवर आलाय म्हणता, म्हणजे दोघांनाही कारवाई करता येते. तक्रार एकाच पत्रात दोघांना उद्देशून करा, प्रत पोलिसांच्या वाहतूक शाखेला. वेगवेगळी पत्रं दिली की वेगवेगळी उत्तरं येतात.

परवाना असला तरी तो जिवंत आहे का, हे तपासा. आकाशचिन्हाची परवानगी एका वेळी दोन वर्षांहून जास्त मुदतीची देता येत नाही. मंजूर झाल्यावर फलकात बदल केला किंवा भर घातली (आयुक्तांच्या सूचनेवरून मजबुतीसाठी केलेलं काम सोडून) तर ती परवानगी आपोआप रद्दबातल ठरते. प्रत्यक्षात नेहमी आढळणारे प्रकार तीन : २० बाय २० मंजूर आणि उभं ४० बाय २०, एका बाजूची परवानगी आणि जाहिरात दोन्ही बाजूंना, आणि वरच्या कडेला नंतर जोडलेलं कटआउट. यातलं काहीही असेल तर कलम ३८६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो.

सिग्नल झाकला जातोय हा तर सर्वांत मजबूत मुद्दा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्त्याकडेच्या जाहिरातींचं धोरण, आयआरसी ४६ (१९७२), सांगतं की चौक, पूल किंवा क्रॉसिंगपासून १०० मीटरच्या आत जाहिरात नको. शहरी भागात हे अंतर ५० मीटरपर्यंत आणता येतं, तेही वाहतुकीला बाधा नसेल तर. रस्त्याच्या डांबरी कडेपासून १० मीटर आणि वाहतूक चिन्हापासून ५० मीटर हेही त्यात आहे. टेप लावून ही तीन अंतरं मोजा आणि तक्रारीत आकडे लिहा. 'वाहतुकीस अडथळा होतो' एवढंच लिहिलेल्या अर्जावर 'पाहणी केली असता अडथळा आढळून आला नाही' असा शेरा पडतो. 'सिग्नलच्या खांबापासून ११ मीटर' असं लिहिलं की तो आकडा खोडायला कुणाला तरी जागेवर यावं लागतं.

एवढं असताना नोटिशीची वाट कशाला बघायची? कलम २२९ आणि २३१ आहेत. रस्त्यात अडथळा होणारी वस्तू आयुक्त विनानोटीस काढू शकतात. फुटपाथवर आलेला भाग त्यातच येतो.

कलमदान

वरच्या उत्तरातलं बाकी सगळं बरोबर आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. कलम २३१ चा विनानोटीस अधिकार रस्त्यावर ठेवलेल्या वस्तूंसाठी आहे : फुटपाथवरचे स्टँड, विजेच्या खांबाला बांधलेले फ्लेक्स, दुभाजकात रोवलेले बांबू. खासगी जमिनीत पाया घेऊन उभ्या असलेल्या सांगाड्याला, आणि त्यातून त्याच्याकडे कधीकाळी परवाना असेल तर, २३१ लावून पाडलं की एजन्सी दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयात जाते आणि नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर स्थगिती मिळवते. तीन फुटांसाठी सगळं प्रकरण वर्षभर अडकतं. अशा सांगाड्याला २४४/२४५ ची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश हाच रस्ता.

नोटीस कुठे फसते ते सांगतो.

नोटीस जाहिरातीत दिसणाऱ्या कंपनीला जाते. त्या कंपनीने फक्त महिनाभराची जागा घेतलेली असते. नोटीस जमीनमालक किंवा भोगवटादार, एजन्सी आणि जाहिरातदार अशी तिघांच्या नावे काढायची. मालकाचं नाव सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून घ्यायचं. चौकातल्या लोकांना विचारून लिहिलेलं नाव पुढे घात करतं.

सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक चुकतो. शेजारच्या प्लॉटचा क्रमांक पडला तर आदेश त्या होर्डिंगला लागूच होत नाही.

माप नसतं. 'मंजूर मापापेक्षा मोठा' असं लिहायचं तर मंजूर माप, प्रत्यक्ष माप, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्याची सही हवी. पंचनामा आणि तारीख-वेळ असलेले फोटो सोबत जोडायचे.

सही करणाऱ्याला अधिकार नसतो. कायद्यात अधिकार आयुक्तांचा आहे. कलम ६९ खाली तो सहायक आयुक्त किंवा उपायुक्तांना दिलेला असतो. त्या प्रदानाच्या आदेशाचा क्रमांक नोटिशीत हवा. नुसत्या परवाना निरीक्षकाच्या सहीची नोटीस टिकवणं अवघड जातं.

आणि एकाच नोटिशीत चार कलमं. 'परवाना नाही' आणि 'धोकादायक आहे' ही दोन वेगळी कारणं आहेत, त्यांचा पुरावा वेगळा आणि घाईचं प्रमाण वेगळं. परवान्याचा विषय २४४/२४५ खाली. पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामाचा विषय कलम २६४ खाली, आणि त्याला अभियंत्याचा पाहणी अहवाल हवा. दोन्ही असतील तर दोन नोटिसा काढा.

पत्त्यावर कुणी घेतच नसेल तर खांबावर नोटीस डकवून पंचांसमक्ष फोटो घ्यायचा. सुनावणीला कुणी आलं नाही तरी तसं नोंदवून कारणांसह आदेश काढायचा. आदेशाच्याच दिवशी महापालिकेच्या वकिलाने दिवाणी न्यायालयात आणि उच्च न्यायालयात कॅव्हेट टाकायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे ते ९० दिवस चालतं, म्हणजे तेवढ्या काळात महापालिकेचं म्हणणं न ऐकता एकतर्फी स्थगिती मिळणं कठीण होतं. हे काम वकिलासाठी अर्ध्या तासाचं आहे आणि तरी बहुतेक वेळा राहून जातं.

नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वाचकांसाठी : तुमच्याकडे १९४९ चा कायदा लागू नाही. १९६५ चा नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम आहे. शेजारच्या महापालिकेच्या नोटिशीचा मसुदा जसाच्या तसा वापरला तर कलमंच चुकतात आणि नोटीस पहिल्याच तारखेला पडते. मुंबईला १८८८ चा कायदा. तिथे कलम ३२८, ३२८-अ आणि परवान्यासाठी ४७९.

बीम_कॉलम

धोक्याबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर आकड्यांत देतो. होर्डिंग वजनाने पडत नाही, वाऱ्याने पडतं. स्वतःचं वजन चार-पाच टन असेल, पण आडवा रेटा त्याच्या दुप्पट येऊ शकतो.

आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) मध्ये शहरांचे मूळ वाऱ्याचे वेग दिलेत. पुणे आणि नाशिक ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबई आणि नागपूर ४४, म्हणजे ताशी १५८. दाबाचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ३९ ला ते ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो. ४० बाय २० फूट म्हणजे ७४.३ चौरस मीटर. आकाराचा गुणांक कमीत कमी १.२ धरला तरी फलकावर ८.३ टनांचा आडवा रेटा. मुंबई-नागपूरच्या वेगाला तोच १०.६ टन.

हा रेटा फलकाच्या मध्यावर लागतो, म्हणजे जमिनीपासून ३० फुटांवर (९.१४ मीटर). पाया दोन मीटर खोल असेल तर त्याच्या तळापासून ११.१ मीटर. ८.३ टन गुणिले ११.१ म्हणजे सुमारे ९२ टन-मीटरचा उलथवणारा जोर. त्याला तोलतं ते पायाचं वजन.

३ बाय ३ मीटर, दीड मीटर खोल पाया घेतला तर काँक्रीट १३.५ घनमीटर, वजन ३२ टन, हात (पायाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर) दीड मीटर, तोलणारा जोर ४९ टन-मीटर. म्हणजे पुरा पडत नाही, खोली कमी म्हणून उलथवणारा जोर थोडा कमी धरला तरी. ४ बाय ४ मीटर आणि २ मीटर खोल घेतला तर ३२ घनमीटर, ७७ टन, तोलणारा जोर १५४ टन-मीटर. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे तोलणाऱ्या जोराचे ०.९ धरायचे आणि उलथवणाऱ्याला १.४ ने गुणायचं : १३८ विरुद्ध १२९. आत्ता कुठे जमलं. हा प्राथमिक हिशोब आहे. मातीची धारणक्षमता, खांबाची जाडी, वेल्ड आणि बोल्ट वेगळे तपासावे लागतात. पण पायाचा नकाशा हातात आला की कुणालाही हा गुणाकार करता येतो, आणि पायाची लांबी-रुंदी दीड-दोन मीटरचीच निघाली तर पुढचं काही बघायची गरज उरत नाही.

'जोराचा वारा आला की फ्लेक्स फाटतं आणि सांगाडा वाचतो' हे गृहीत धरू नका. चांगल्या प्रतीचं, कडेने घट्ट बांधलेलं फ्लेक्स बराच वेळ फाटत नाही, आणि मागे पत्रा असेल तर फाटायचा प्रश्नच नाही.

माप वाढलं की धोका त्याच प्रमाणात वाढतो असंही नाही. घाटकोपरच्या छेडा नगरला १३ मे २०२४ रोजी पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं; मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. क्षेत्रफळ नऊपट, म्हणून रेटा नऊपट. आणि मध्यबिंदूही वर सरकलेला, म्हणून उलथवणारा जोर नऊपटीपेक्षाही जास्त. तिथे १७ जण गेले. पाया त्या मापासाठी पुरेसा नव्हता.

तुमच्याकडे रस्त्यावरून, कुणाच्या परवानगीशिवाय बघता येण्यासारख्या गोष्टी : खांब ओळंब्यात आहे का (लांबून दोरीला वजन बांधून खांबाशी जुळवा, दोन दिशांनी). बेस प्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पट्टी) मातीत गाडली गेलीय का. जमीन आणि लोखंड जिथे भेटतात तिथे पाणी साचतं आणि गंज सर्वांत आधी तिथेच लागतो, वरून रंग मारलेला असतो. बोल्टवर सगळे नट आहेत का. बेस प्लेटखालच्या ग्राउटला (सिमेंटच्या भरावाला) तडे आहेत का. तिरके अँगल कुठे कापलेत का. छतावरच्या होर्डिंगांत पाण्याच्या टाकीला वाट करायला ते कापलेले दिसतात. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट : पायाच्या शेजारी केबल, गटार किंवा गॅसवाहिनीसाठी नवा चर खणलाय का. एका खांबाच्या होर्डिंगला बाजूच्या मातीचाही आधार असतो. चर खणला की तो एका बाजूने जातो, आणि स्थैर्य प्रमाणपत्र मात्र खणण्याच्या आधीचं असतं.

फलक खांबाच्या एकाच बाजूला जास्त गेलेला असेल, तुमच्याकडे तो फुटपाथकडे झुकलाय म्हणता, तर वाऱ्याने खांबाला पीळही बसतो. अशा वेळी साध्या गणितावर दिलेलं प्रमाणपत्र अपुरं असतं. पीळ धरून केलेलं गणित आहे का, हे नेमकेपणाने विचारा.

टपरी आणि रिक्षाथांबा होर्डिंगखाली असणं मला सगळ्यांत गंभीर वाटतं. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे होर्डिंग पडून पाच जण गेले. वादळी पावसात लोक आडोशाला खाली थांबलेले होते. वळवाच्या पावसात वारा सर्वांत जोराचा असतो आणि माणसं नेमकी त्याच वेळी खाली जमतात. कारवाई व्हायची तेव्हा होईल, पण टपरी आणि थांबा हलवायला कुठल्याही सुनावणीची गरज नाही. ते आजच मागा.

चौकातला_रहिवासी

खूप उपयोगी माहिती. पायाचा नकाशा मागतोच. आणखी दोन शंका. आदेश झालाच तर प्रत्यक्ष काढण्याचं काम कसं व्हायला हवं? सोसायटीची भिंत १५ फुटांवर आहे. दुसरं, शहराबाहेर बायपासवर ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि स्टेशनजवळ रेल्वेच्या जागेत अशीच होर्डिंगं आहेत, त्यांचं काय?

बीम_कॉलम

काढण्याचं काम उभारण्यापेक्षा धोक्याचं आहे. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात शाहीर अमर शेख चौकात रेल्वेच्या जागेवरचं होर्डिंग काढतानाच पडलं आणि सिग्नलला थांबलेले लोक सापडले. चौघांचा जीव गेला. वरचा भार तसाच ठेवून खालून कापत गेलं की हेच होतं.

क्रम असा हवा. महावितरणकडून वीज तोडून घ्यायची आणि मीटर सील. मग फ्लेक्स आणि पत्रा पूर्ण उतरवायचा, म्हणजे काम चालू असताना वारा आला तरी रेटा लागत नाही. त्यानंतर सांगाड्याचा जो तुकडा कापायचा तो आधी क्रेनच्या पट्ट्यात ताणून धरायचा, मग गॅस कटर लावायचा. वरून खाली, एकेक तुकडा. खांब सर्वांत शेवटी, तोही क्रेनने धरल्यावरच.

क्रेन निवडताना फसगत होते. '१२ टनी हायड्रा' म्हणजे बूम (क्रेनचा लांब हात) आखडलेला असताना जवळून १२ टन. बूम लांब काढून ४० फूट उंचीवर आणि काही मीटर अंतरावर ती त्याच्या लहानशा हिश्श्याएवढंच उचलते. क्रेनवाल्याकडून भाराचा तक्ता (किती अंतरावर किती टन उचलता येतं तो) मागायचा आणि त्या अंतराला किती टन ते बघूनच तुकड्याचं माप ठरवायचं.

होर्डिंगची एकूण उंची ४० फूट. त्याच्या किमान दीडपट, म्हणजे ६० फुटांच्या घेऱ्यात माणूस आणि वाहन नको. सोसायटीची भिंत १५ फुटांवर असल्याने त्या बाजूच्या खोल्या तेवढ्या वेळेपुरत्या रिकाम्या कराव्या लागतील. रविवारी पहाटे, वाहतूक पोलिसांच्या बंदोबस्तात. उच्चदाबाची तार जवळून जात असेल तर तीही बंद करून घ्यायची. वारा सुटला की काम थांबवायचं, मुकादम काहीही म्हणो.

आणि पाया काढायचा. निदान बोल्टसकट वरचा भाग जमिनीखाली फूटभर तोडून खड्डा त्याच दिवशी बुजवायचा. बेस प्लेट आणि बोल्ट शाबूत ठेवले तर नवा खांब एका रात्रीत बसतो. नुसतं फ्लेक्स फाडून 'कारवाई केली' असा फोटो टाकणं तर निरर्थकच, सांगाडा जिथल्या तिथे असतो.

शिवार_ते_शहर

बायपासचं सांगतो. ग्रामपंचायत हद्दीत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ५३ : सार्वजनिक रस्त्यावरचे आणि मोकळ्या जागेवरचे अडथळे, अतिक्रमणं काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. पंचायत हलली नाही तर त्याच कलमातल्या पोटकलम (२-अ) प्रमाणे जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा अर्जावर कारवाई करू शकतात. म्हणून पहिला अर्ज पंचायतीला, पोच घ्यायची, उत्तर नाही आलं की पोचेची प्रत जोडून जिल्हाधिकाऱ्यांना. शासकीय जमिनीवर असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ५० तहसीलदारांमार्फत.

खासगी शेतात काँक्रीटचा पाया घेऊन उभं केलेलं मोठं होर्डिंग हा ५३ च्या आवाक्याबाहेरचा विषय आहे. तिथे नियोजन प्राधिकरण कोण ते बघा. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे जमिनीवर केलेलं बांधकामाचं काम म्हणजे विकास, त्याला परवानगी लागते, आणि विनापरवाना विकासाला कलम ५३ ची नोटीस देता येते. (दोन्ही कायद्यांत कलम ५३ च आहे, अर्जात कायद्याचं नाव पूर्ण लिहा.) 'सरपंचांचा ना-हरकत दाखला आहे' हे उत्तर हमखास येतं. ना-हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

बायपास राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याच्या हद्दीतलं होर्डिंग २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्याखाली महामार्ग प्रशासन काढतं, कलम २६. आधी हद्दीचे दगड शोधा. खांब दगडाच्या आत की बाहेर, यावरच अर्ज कुणाला करायचा ते ठरतं.

रेल्वेचा विषय जास्त किचकट. महापालिकेचा अधिकार नाकारायला रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १८५ चा दाखला दिला जातो. ते कलम रेल्वेवरच्या जाहिरातींवर स्थानिक संस्थेने कर लावण्याबद्दल आहे. सांगाडा सुरक्षित आहे का, हा वेगळा प्रश्न. मुंबईच्या कायद्यातल्या ३२८-अ मध्ये रेल्वेच्या मालमत्तेवरच्या जाहिरातींना सूट आहे, पण रस्त्याकडे तोंड असलेला पृष्ठभाग त्या सुटीतून वगळलेला आहे. घाटकोपरनंतर मुंबई महापालिकेने रेल्वेला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली नोटिसा दिल्या. जिल्ह्यात हाच मार्ग जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तिथे परवान्याची भाषा न वापरता उंची, माप, खालची वर्दळ, गंज यांचे फोटो आणि आकडे द्या.

होर्डिंग दिसावं म्हणून झाडं छाटली असतील तर तोही स्वतंत्र गुन्हा आहे. शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यांकडे वेगळी तक्रार करा, होर्डिंगच्या अर्जात एका ओळीत मिसळू नका.

कलमदान

विजेच्या खांबांवरच्या आणि दुभाजकातल्या फ्लेक्सबद्दल एवढंच : तिथे २३१ बिनधास्त वापरता येतं आणि त्याशिवाय १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस 'कोर्टातून आदेश आणा' म्हणू शकत नाहीत. ज्याच्या फायद्यासाठी फलक लावला तोही जबाबदार ठरतो. आपल्या नकळत लावला हे त्याने सिद्ध करायचं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचा फोटो मोठा, त्याचं नाव तक्रारीत येऊ द्या.

मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेत (१५५/२०११) ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निर्देश दिलेत. नागरिकांना फोटोसह तक्रार करता येईल अशी सोय, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणं, कारवाईला पोलीस बंदोबस्त देणं हे त्यात आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख करा आणि 'माझं नाव उघड करू नये' असं स्पष्ट लिहा. स्थानिक माणसाच्या फ्लेक्सविरुद्ध तक्रार करणाऱ्याला याची खरी गरज असते.

परवाना_खिडकी

२३१ बद्दलची दुरुस्ती मान्य. तुमच्या चौकासाठी नोटीस-सुनावणीच योग्य.

माहिती अधिकाराचा अर्ज असा करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून होर्डिंगचा अर्ज होर्डिंगपुरताच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. जन माहिती अधिकारी, आकाशचिन्ह व परवाना विभाग (काही ठिकाणी हे काम मालमत्ता विभागाकडे असतं; चुकलं तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत योग्य विभागाकडे पाठवायचा).

मागायचं ते : सिटी सर्व्हे क्रमांक अमुक येथील जाहिरात फलकाच्या परवानगी आदेशाची प्रत, मंजूर माप आणि मुदत, शेवटच्या नूतनीकरणाचा आदेश, संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र, त्यासोबतचं वाऱ्याच्या भाराचं गणित आणि पायाचा नकाशा, वाहतूक पोलिसांचा ना-हरकत दाखला, शेवटचं परवाना शुल्क भरल्याची पावती. आणि एक ओळ : कलम २(ञ) प्रमाणे या नस्तीची (फाइलची) पाहणी करू द्यावी. प्रती मिळायला महिना लागतो, पाहणीत मात्र टिपणी आणि शेरे दिसतात, नूतनीकरण कुणाच्या टेबलावर थांबलंय हेही तिथेच कळतं. 'का' आणि 'कधी करणार' असे प्रश्न विचारू नका. ती माहितीच नव्हे म्हणून अर्ज फेटाळतात.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टँपवर.

'सदर ठिकाणचा अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. परवानगीची नोंद नाही हे महापालिकेनेच लेखी दिलेलं असतं. तेच पत्र जोडून आयुक्तांकडे कलम २४४/२४५ खाली नोटीस काढण्याचा अर्ज द्या, आणि परवानगी असल्याचं दाखवायची जबाबदारी सुनावणीत एजन्सीवर येऊ द्या.